सम आकडे

पारा युरोपातून हद्दपार झाला,
तरी कौनासमधल्या आमच्या खोलीत
काचेची एक नळी अजून ताठ उभी आहे.
तिच्या कपाटाला दोन कुलपं. एकाची किल्ली माझ्याकडे,
दुसरीची कुणाकडे, ते आता कुणीच सांगत नाही.

कारखान्यातून नवं यंत्र येतं,
साबणाच्या वडीसारखं पांढरं, गुळगुळीत.
म्हणतं, मला कान लागत नाहीत.
बरं, म्हणतो आम्ही, आणि त्याच्यापुढे
पंच्याऐंशी माणसांचे दंड ठेवतो:
काटकुळे, गुबगुबीत, गोंदलेले,
एकावर पुसट झालेलं बायकोचं नाव, पहिल्या.

स्टेथोस्कोप एकच, त्याला फाटे दोन.
एका फाट्याशी रिमगैले, दुसऱ्याशी विदमांतस,
मधे पुठ्ठ्याचा पडदा,
कारण शेजारचा आकडा दिसला
की आपलाही तिकडेच कलतो.
(खिडकीबाहेर उलटा कारभार:
नेरिस येते आणि नेमुनासात शिरते,
कोण कुठलं पाणी, कुणी विचारत नाही.)
मी तिसरी. मी ऐकत नाही, चिठ्ठ्या ताडते.
फरक चारपर्यंत चालतो.
त्यापुढे गेला की पट्टा पुन्हा फुगवा.

नळीवरच्या रेषा दोन-दोनच्या अंतरानं.
म्हणून आमच्या वहीत विषम आकडा नाही.
एकशे सदतीसचा माणूस
नऊ वर्षांत आम्हाला भेटला नाही,
यंत्राला मात्र तो आठवड्यातून दोनदा भेटतो.
त्यात रिमगैलेला शून्याचा लळा.
शून्यावर टेकायला बरं वाटतं गं, म्हणाले मी,
पण उठ तिथून.

फेब्रुवारीत आला क्रमांक त्रेसष्ट.
झिग्मास. चौतीस वर्षं ट्रॉलीबस चालवलेली,
उजवा दंड डाव्याहून जाड.
पाठ टेका, पाय जमिनीवर, पायावर पाय नको,
पाच मिनिटं बोलू नका.
तो बोलला नाही.
पाच मिनिटं संपल्यावर म्हणाला,
आणखी पाच असतील तर द्या.

मग पारा उतरू लागला.
ठोका. ठोका. मग काहीच नाही.
मग तीन एकदम, धापा टाकत,
दार लागताना आत घुसणाऱ्या उतारूंसारखे.
पडद्याच्या वर दोन डोकी एकाच वेळी आली.
यंत्रानं पट्टा फुगवला, सोडला, पुन्हा फुगवला,
आणि सांगून टाकलं: एकशे एकोणपन्नास.
काचेवर आकडा स्वच्छ होता,
शंका दाखवायला तिथे जागाच ठेवलेली नाही.

चिठ्ठ्या उघडल्या.
एकशे सदतीस. एकशे सदतीस.
रेष नाही तिथे, दोघांनीही.

नियम स्पष्ट आहे: नाडी अनियमित असेल
तर माणूस यादीतून काढावा.
मी रेघ मारली. तिसऱ्या मजल्यावर जा म्हणाले,
आजच, हृदयाचा आलेख काढून घ्या.
बाही खाली घेत त्यानं विचारलं,
म्हणजे मी नापास?
नाही हो. तुमच्यावर यंत्राची परीक्षा घेता येत नाही.
असं, म्हणाला, आणि बटण लावायला बराच वेळ घेतला.
आमच्या ब्रेकचंही तसंच.
तपासायचे डेपोच्या सपाट फरशीवर,
आणि बर्फ पडला की मी गाडी खाली आणायचो
झालियाकाल्निसच्या उतारावरून.

त्याच्या जागी एक विद्यार्थी आला,
नाडी अशी की घड्याळ लावून घ्यावं.
यंत्र उत्तीर्ण झालं. सरासरी चूक दोनच्या आत.
आता ते दुकानात मिळतं.
ते घेणाऱ्याला कोण विचारणार
तुमचा ठोका कसा पडतो म्हणून.

त्या दोन चिठ्ठ्या फाडायच्या होत्या.
त्या नळीमागे, कपाटात आहेत.
एक कुलूप मी रोज लावते.
दुसरं नुसतंच लोंबतं.